रुमालाखालचा सौदा

"गुरुजी, हात द्या," रज्जाकभाई म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत त्याने माझा हात ओढून घेऊन वर आपला रुमाल टाकलासुद्धा.

मी घोडा घ्यायला गेलो नव्हतो. हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आलोय आणि आजवर कुणाचा त्यावर विश्वास बसलेला नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो. आम्ही शहाद्याचे, म्हणजे जवळचेच, त्यामुळे दरवर्षी जायचो, मी आणि माझी बायको केसर. दत्ताच्या पाया पडायचं, गरम जिलेबी खायची, मग केसरने बांगड्यांच्या दुकानात रमायचं आणि मी बाहेर उभं राहून चिडायचं, असा आमचा कार्यक्रम. त्या वर्षी केसर नव्हती. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. मीही शहादा सोडून चाललो होतो, म्हणून म्हटलं, जाण्याआधी एकदा दत्ताच्या पाया पडून येऊ.

सोडून चाललो होतो म्हणजे मुलाकडे, नाशिकला, कायमचा. जयपाल माझा एकुलता एक, तृप्ती त्याची बायको. मुलगा वाईट नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. पुढे तुम्हाला त्याचा राग येईल तेव्हा आठवा. केसर गेल्यावर त्याने मला लगेच नाशिकला नेलं होतं. काही महिने राहून घर आवरायला म्हणून मी परत आलो होतो. नव्या वर्षापासून घरात भाडेकरू येणार होता. सामान विकून झालं होतं. केसरचं शिलाई मशीन, तिचं कपाट, पितळेची भांडी, ओसरीतला झोपाळा, एकेक माणूस आला आणि उचलून घेऊन गेला. त्याचे पैसे माझ्या बंडीच्या आतल्या खिशात होते, वर टाचणी लावलेली. त्या पैशांत जयपाल माझ्या खोलीला एसी बसवणार होता. बापाला उकडू नये म्हणून.

आणि मी ते पैसे घेऊन यात्रेत हिंडत होतो. घरी ठेवायला कपाट कुठे होतं?

दर्शन झालं. जिलेबी घेतली, पण एकट्याला खाववेना, ती एका कुत्र्याला घातली. मग उगाच घोड्यांच्या बाजूला गेलो. तिथे काय एकेक जनावरं होती. अंगावर हात फिरवला तर घसरेल अशी तुकतुकीत, गळ्यात घुंगरं, कपाळाला गोंडे. मोठमोठी माणसं गाड्यांतून उतरून ती बघत होती. एका टोकाला, बाभळीखाली, एक घोडी नुसतीच उभी होती. तांबूस रंगाची, वयस्क, गोंडा नाही की घुंगरू नाही. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी तिच्यापाशी थांबलो, कारण तिथे सावली होती. बाकी काही नाही. पण फार वेळ थांबलो असणार, कारण तिचा मालक, मालेगावचा व्यापारी रज्जाकभाई, चहाचा कप खाली ठेवून उठला.

"गुरुजी वाटता."

"होतो. गणिताचा. आता रिटायर."

"नाव?"

"उदेसिंग गिरासे."

"गिरासे," तो आजूबाजूच्या लोकांना ऐकू जाईल असा म्हणाला. "मग विचारायलाच नको. गिराशांच्या रक्तातच घोडा."

आमच्या पणजोबांकडे घोडे होते असं म्हणतात. माझ्याकडे आयुष्यभर सायकल होती आणि तीही मी हातात धरून चालवायचो. पण हे सांगायच्या आधीच हात रुमालाखाली गेला होता.

तिथला रिवाज असा, की भाव तोंडाने करायचा नाही. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती कितीही लोक उभे असोत, भाव त्या दोघांनाच कळतो. घेणाऱ्याला पटलं नाही तर तो हात काढून घेतो, सौदा मोडला. पटलं तर अख्खा पंजा घट्ट दाबतो, सौदा झाला. आणि घेणाऱ्याने हात नुसताच ठेवला, दाबला नाही की काढला नाही, तर त्याचा अर्थ, अजून खाली ये. हे सगळं मला नंतर समजलं. माझ्या वडिलांना ती बोटांची भाषा येत होती, मला त्यांनी कधी शिकवली नाही. मास्तर होणाऱ्या पोराला कशाला शिकवतील?

रज्जाकभाईने माझी बोटं दाबली. मी हात तसाच ठेवला.

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा दाबली, वेगळी. मी तसाच.

"गुरुजी, जनावराकडे तर बघा."

"बघतोय," मी म्हणालो.

"चाल बघायची? फिरवून दाखवू?"

"राहू दे. असंच ठीक आहे."

भोवती चार लोक जमले, मग दहा. कुणीतरी म्हणालं, "गिरासे दाद देत नाहीत." रज्जाकभाईच्या कपाळावर थंडीच्या सकाळी घाम आला. तो सच्चा माणूस होता. सौदा मध्येच थांबवून, एका हाताने माझा हात तसाच धरून ठेवत, त्याने दुसऱ्या हाताने घोडीचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"एक गोष्ट सांगतो, लपवत नाही. हा डाव्या डोळ्याखालचा भोवरा बघा. केस असे गोल फिरले की लोक जनावर अशुभ मानतात. असल्या घोडीचा मालक रडतो म्हणतात. म्हणून तर हिला कुणी हात लावत नाही. चालेल तुम्हाला?"

"माझं रडून झालंय," मी म्हणालो.

मी खरं तेच सांगत होतो. त्याला वाटलं, मास्तर अजून पाडतोय. त्याने मान हलवली, हसला आणि पुन्हा बोटं दाबली. मग हळूहळू आपला हात मागे घ्यायला लागला. तेव्हा मात्र मी पंजा घट्ट आवळला.

"तोबा," रज्जाकभाई म्हणाला. रुमाल झटकून त्याने खांद्यावर टाकला आणि लोकांना सांगितलं, "दिली. गुरुजींनी घेतली. इतकी वर्षं धंदा करतोय, असा सौदा करणारा माणूस पाहिला नव्हता. चेहऱ्यावर रेघ हलत नाही."

लोकांनी माझी पाठ थोपटली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी घोडी विकत घेतली आहे.

आता तुम्ही म्हणाल, तिथेच सांगून मोकळं व्हायचं ना, चुकलं म्हणून. सांगता आलं असतं. रज्जाकभाई काही वाघ नव्हता. पण मी टाचणी काढली, खिशातले पैसे त्याच्यासमोर धरले आणि त्याने त्यातले आपले मोजून घेतले. उरले त्यात लगाम आला आणि पोतंभर हरभरा. केसरची भांडी, केसरचं मशीन, केसरचं कपाट, सगळं त्या बाभळीखाली संपलं आणि माझ्या हातात एक दोरी आली. दोरीच्या पलीकडच्या टोकाला घोडी होती.

तिच्यावर बसायची माझी टाप नव्हती. शहाद्यापर्यंत चालत आलो. ऊस तोडणाऱ्या बायका थांबून बघायच्या, एकीने विचारलं, "नवरदेव कुठेय बाबा?" मी म्हणालो, "मीच." त्या हसल्या. मीही हसलो. रस्त्याने चालताना एकटाच मोठ्याने हसलो. पायांना गोळे आले होते, खिसा रिकामा होता आणि मला आनंद झाला होता. साधा, सरळ, पोटातून आलेला. तसा तो शेवटचा कधी झाला होता हे मला आठवेना.

घोडी ओसरीच्या खांबाला बांधली. तिला नाव होतं, रज्जाकभाईने सांगितलंही होतं, पण मी तिला बाई म्हणायला लागलो. "बाई, सरका जरा." "बाई, पाय." घर इतकं रिकामं होतं की शिंकलं तरी घुमायचं. सकाळी मी आतून कडी काढली की तिला आवाज यायचा आणि ती खिंकाळायची. पहिल्या दिवशी मी दचकलो. दुसऱ्या दिवशी मी कडी मुद्दाम दोनदा वाजवली. तिसऱ्या दिवशी माझ्याच मनात आलं, उदेसिंग, तू उठायची कुणीतरी वाट बघतंय रे. मी तिला दादर ज्वारीचा कडबा आणला, हरभरा भिजत घातला, अंग पुसायला केसरच्या जुन्या लुगड्याचं फडकं केलं. गोमाई नदीच्या पुलापर्यंत तिला फिरवून आणायचो. वाटेत लोक थांबायचे, काही ना काही बोलायचे. नुसत्या उदेसिंगला कुणी थांबवत नव्हतं.

जयपालला मी स्वतः फोन करून सांगितलं. लपवायचं काय त्यात?

"घोडी घेतली," मी म्हणालो.

"कसली घोडी? रंगाऱ्याची? भाडेकरू रंग देणारे ना तिथे?"

"रंगाऱ्याची नाही रे. चारा खाते ती."

मग त्याने विचारलं, "बापू, तुमची तब्येत बरी आहे ना?"

तो रात्रीच्या बसने निघाला आणि सकाळी दारात हजर. ऑफिसचे बूट, पाठीवर लॅपटॉपची बॅग. माझ्या पाया पडला आणि मग घोडीकडे बघत उभा राहिला. बाईने त्याच्याकडे बघून कान मागे केले.

"पैसे सगळे गेले?" त्याने विचारलं.

"सगळे."

"आईच्या मशीनचे पण?"

"सगळे म्हटलं ना."

तो पायरीवर बसला. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं, पण जयपाल ओरडत नाही, समजावतो. त्याच्या आईकडून आलंय ते. "बापू, मी तुमच्या पैशांबद्दल बोलत नाहीये," तो म्हणाला. "तुम्ही कमावलेत, तुम्ही उडवा. पण नाशिकला चौथ्या मजल्यावर घोडी कुठे ठेवणार? पुढच्या आठवड्यात भाडेकरू येतोय. त्याच्याकडून ॲडव्हान्स घेतलाय मी. तृप्तीने तुमच्या खोलीचे पडदे पण शिवायला टाकलेत."

"पडदे कुठल्या रंगाचे?"

"बापू."

"मी येत नाही म्हटलं तर?"

"इथे एकटं सोडू तुम्हाला? लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आणि लोकांचं जाऊ द्या, मला झोप लागेल का?" त्याने डोळे चोळले. "सरळ आहे. घोडी आहे तोवर तुम्ही येणार नाही. म्हणून घोडी परत करायची. यात्रा अजून उठलेली नाही."

त्याने बरोबर ओळखलं होतं. घोडी राहिली तर मी राहणार, घोडी गेली तर मी जाणार. मांडून दाखवायला फळाही लागत नव्हता.

"बाजारात जनावर परत घेत नाहीत," मी म्हणालो.

पण तेवढ्यात शेजारचे वंजीअण्णा भिंतीवरून डोकावले. त्यांनी पूर्वी टांगा हाकलेला. घोडी आल्यापासून ते तिच्यापासून चार हात लांबूनच जात होते. "घेतात ना," ते म्हणाले. "भोवरा आहे तिला डोळ्याखाली. विकणाऱ्याने दाखवला नसेल, तर यात्रा उठायच्या आत जनावर परत आणि पैसेही परत. कायदाच आहे बाजाराचा. दाखवला होता का मास्तर?"

मी कडब्याची पेंढी सोडत होतो. ती सोडत राहिलो. जयपालने माझ्या गप्प राहण्याचा त्याला हवा तो अर्थ लावला.

जयपालने बोलावलेल्या टेम्पोत चढायला बाईने साफ नकार दिला. शेवटी आम्ही तिघं चालत निघालो, मी, जयपाल आणि मध्ये घोडी. जयपाल लहान असताना मी त्याला शाळेत चालत नेत असे, त्यानंतर आम्ही एकत्र इतकं कधी चाललो नव्हतो. तो फोनवर होता बराच वेळ. मग फोनची बॅटरी संपली. मग त्याच्या बुटाने टाच कापली आणि तो लंगडायला लागला.

"बूट काढ," मी म्हणालो.

"राहू द्या."

"काढ रे. इथे तुला कोण ओळखतंय?"

त्याने बूट काढून हातात घेतले. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "घोडी चांगली आहे हो बापू तशी. मी नाही म्हणत नाही." मग पुन्हा थोड्या वेळाने, "पण घेतली कशी तुम्ही? तुम्ही तर साधं पेन घ्यायला चार दुकानं फिरायचात."

"झालं खरं," मी म्हणालो. मला त्याला सांगायचं होतं, पण मध्ये घोडी होती आणि तिच्या डोक्यावरून असलं काही बोलता येत नाही.

यात्रेत पोहोचलो तेव्हा बाजार विरळ झाला होता. अर्धे तंबू उतरलेले. मला वाटलं होतं, हाही गेला असेल, पण रज्जाकभाई होता. मला बघून तो खाटेवरून उठून पुढे आला, पण माझ्यामागे जयपालचा चेहरा बघून थांबला.

"शेठ," जयपाल म्हणाला, "भोवऱ्याची घोडी आमच्या बापूंच्या गळ्यात मारलीत तुम्ही. दाखवला नाहीत त्यांना."

आवाज चढवला नव्हता त्याने, पण शेजारच्या दोन तंबूंतले व्यापारी उठून आले. त्या बाजारात खोड लपवली हा आरोप साधा नाही. ज्याच्यावर तो बसला त्याच्या रुमालाखाली पुढच्या वर्षी कुणी हात घालत नाही. रज्जाकभाईचा चेहरा उतरला.

"मी लपवलं?" तो म्हणाला. "बेटा, मी तुझ्याशी वाद घालत नाही. गुरुजी उभे आहेत इथे. ते म्हणाले लपवलं, तर आत्ता पैसे परत, वर सगळ्यांसमोर माफी मागतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जयपाल माझ्या अगदी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बापू, नुसतं नाही म्हणा. दाखवला नव्हता, एवढंच. संध्याकाळच्या बसने घरी जाऊ."

एवढं एक वाक्य. मी ते म्हटलं असतं तर सगळ्यांचं भलं झालं असतं, रज्जाकभाई सोडून. भाडेकरू आला असता, पडदे लागले असते, मुलाला झोप लागली असती. आणि मी रोज सकाळी चौथ्या मजल्यावर उठलो असतो.

"दाखवला होता," मी म्हणालो. "माझा हात धरून दाखवला. मी चालेल म्हणालो."

जयपालचे कान लाल झाले. चारचौघांत बापाने त्याला खोटं पाडलं होतं. "मग घेतलीत कशाला?" तो म्हणाला, आणि या वेळी आवाज चढलाच. "बसता येत नाही, ठेवायला जागा नाही, त्यात अशुभ. कशाला घेतलीत, तेवढं सांगा मला."

"हात काढवेना म्हणून."

"काय?"

मला वाटलं होतं, घोडीपलीकडून सांगायला अवघड जातंय. तिथे तर परक्या लोकांसमोर सांगावं लागलं. पण एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना.

"तुझी आई गेल्यापासून माझा हात कुणी धरला नव्हता, जयपाल. रुसून म्हणत नाही, जे आहे ते सांगतो. तुझ्याकडे सगळं होतं. तृप्ती गरम जेवण वाढायची, नात आजोबा-आजोबा करून क्लासला जायची, तू औषधं आणायचास. पण चहाचा कप टेबलावर यायचा, औषध टेबलावर यायचं. अंगाला कुणी लागत नव्हतं. म्हाताऱ्याला कोण कशाला हात लावेल? मी दर दोन दिवसांनी दाढी करायला कोपऱ्यावर जायचो, आठवतं? तू म्हणायचास, बापू, घरी चांगला रेझर आणून दिलाय, पैसे कशाला घालवता. न्हावी गालाला हात लावायचा, म्हणून जायचो."

जयपालने हातातले बूट खाली ठेवले.

"मग ह्याने हात धरला. रुमालाखाली. दाबायला लागला. मला त्याच्या बोटांतलं काही कळत नव्हतं, कसला भाव अन् कसलं काय. मी नुसता उभा होतो. वाटलं, अजून जरा वेळ धरू दे. आणि तो काढून घ्यायला लागला तेव्हा मी घट्ट धरला. तो सौदा झाला."

रज्जाकभाई माझ्याकडे बघत होता. "म्हणजे तुम्ही भाव पाडत नव्हता गुरुजी?"

"मला भाव काय चाललाय तेच माहीत नव्हतं."

मला वाटलं, आता हसतील. मीच हसलो असतो दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं तर. पण कुणी हसलं नाही. शेजारचे व्यापारी एकेक करून आपापल्या तंबूकडे गेले. रज्जाकभाईने रुमालाने तोंड पुसलं आणि चहा सांगितला.

चहा पिताना जयपाल खाली बघत होता. "तुम्ही कधी बोलला नाहीत," तो म्हणाला.

"काय बोलणार होतो? पोरा, माझा हात धर, असं म्हणू? आपल्याकडे म्हणतं का कुणी?"

"नाही म्हणत," तो म्हणाला.

"भाडेकरूला त्याचे पैसे परत दे. माझ्या पेन्शनीतून दे."

"एकटे राहणार तुम्ही."

"एकटा मी तुझ्याकडे होतो."

हे मी बोलायला नको होतं, असं कुणी म्हणेल. पण ते खरं होतं, आणि आयुष्यभर उत्तर पडताळून बघायला शिकवलेल्या माणसाला दुसरं उत्तर लिहिता येत नाही. जयपालने कप खाली ठेवला. त्यानंतर त्याने घोडीचा विषय काढला नाही. त्या दिवशीही नाही, आणि पुढे ती असेपर्यंत कधीच नाही.

बाई माझ्याकडे बरीच वर्षं होती. तिच्यावर मी एकदाही बसलो नाही. जयपाल दिवाळीला यायचा, तिला गूळ आणायचा आणि लांबून टाकायचा, चावेल म्हणून. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. माणसं विचारतात, मास्तर, एवढ्या पैशांचं शेवटी काय झालं? मी सांगतो, संपले. ज्यासाठी दिले होते ते मिळालं, मग संपले.

पण मला सांगायचं होतं ते त्याच दिवसाचं. जयपालला नाशिकला जायला धुळ्याची बस धरायची होती. मी आणि बाई त्याला तापीच्या पुलाजवळच्या थांब्यावर सोडायला गेलो. तो बूट घालून, बॅग पाठीला लावून उभा राहिला. मी दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि उजवा हात मोकळा ठेवला. मुद्दाम ठेवला, खोटं कशाला सांगू? बस आली. जयपालने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडेही पाहिलं. मला वाटतं त्याला कळलं होतं. त्याचा हात थोडासा उचललाही गेला. पण आमच्यात बापाच्या हाताला हात लावायची पद्धत नाही, आणि चाळिशीला आलेल्या मुलाला ती एका दिवसात कुठून येणार?

तो नेहमीसारखा वाकला आणि माझ्या पाया पडला. एरवी तो बोटं टेकवतो न टेकवतो तोच उठतो. त्या दिवशी त्याने दोन्ही तळवे माझ्या पावलांवर ठेवले आणि तसाच वाकून राहिला. कंडक्टरने दोनदा हाक मारली. मग तो उठला, माझ्याकडे न बघता बसमध्ये चढला, आणि मी घोडी घेऊन घराकडे निघालो.